पाइन माउंटन लूप : माउंटन बाइकला जन्म देणारी मातीची वाट

जाड टायरची, गिअरची सायकल आज पुण्या-नाशिकच्या कुठल्याही सायकलच्या दुकानात दिसते. तिला ‘माउंटन बाइक’ म्हणतात. या सायकलचा जन्म एखाद्या कारखान्यात झाला नाही. कॅलिफोर्नियातल्या जंगलात, मातीच्या रस्त्यांवर ती हळूहळू घडत गेली. त्या रस्त्यांपैकीच एक म्हणजे पाइन माउंटन लूप.

हा लूप आहे कुठे?

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेलं की मरीन काउंटी लागते. तिथल्या फेअरफॅक्स या छोट्या गावाजवळच्या डोंगरात हा लूप आहे. लूप म्हणजे जिथून निघालो तिथेच परत आणणारी वाट. ही फेरी साधारण 20 किलोमीटरची आहे.

वाट बहुतेक ‘फायर रोड’वरून जाते. जंगलात वणवा लागला तर अग्निशमन दलाची गाडी आत जावी, यासाठी काढलेला मातीचा रुंद रस्ता म्हणजे फायर रोड. सुरुवातीला खडकाळ चढ लागतो. पुढे केंट लेक या जलाशयाच्या बाजूला उतरताना झाडांची सावली मिळते आणि मग सॅन जेरोनिमो रिजचा चढ सुरू होतो. या डोंगरसोंडेवर सर्पेंटाइन जातीचा खडक आहे. त्याच्या मातीत पोषणद्रव्यं कमी असल्याने तिथली सार्जंट सायप्रसची झाडं खुजी राहतात.

‘रीपॅक’ हे नाव कसं पडलं?

याच डोंगरसोंडेवरून फेअरफॅक्सकडे एक फायर रोड उतरतो. सुमारे 3 किलोमीटरमध्ये तो जवळपास 400 मीटर खाली येतो. 1970च्या दशकात इथले तरुण 1930-40च्या काळातल्या जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन हा उतार उतरायचे. पायडल उलटं दाबलं की या सायकलींचा ब्रेक लागायचा आणि तो मागच्या चाकाच्या हबमध्ये असायचा. सततच्या ब्रेकने हब इतका तापायचा, की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. खाली पोहोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. इंग्रजीत याला ‘रीपॅक’ म्हणतात. तेच नाव रस्त्याला पडलं.

ऑक्टोबर 1976मध्ये इथे पहिली शर्यत झाली. आयोजक होते चार्ली केली. सायकलस्वारांना एकामागून एक, ठरावीक अंतराने सोडायचे आणि प्रत्येकाची वेळ मोजायचे.

जुन्या सायकलीपासून नव्या सायकलीपर्यंत

शर्यतीत जुन्या सायकली मोडायच्या. त्यामुळे मजबूत फ्रेम, हाताने लागणारे ब्रेक आणि चढासाठी गिअर यांची गरज भासू लागली. 1977मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी नवी फ्रेम बनवली. 1979मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाचा व्यवसाय सुरू केला. त्यासाठीच्या फ्रेम टॉम रिची बनवत. 1981मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजंपर’ बाजारात आली आणि ही सायकल सामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचली. 1996च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकिंगचा समावेश झाला.

मग वाद कशाचा?

सायकली वाढल्या, तशी जंगलातली गर्दीही वाढली. अरुंद पायवाटेवर वळणाआडून वेगाने सायकल आली की चालणारे दचकतात, घोडे बिथरतात. चिखलात टायरची चाकोरी पडते, पुढच्या पावसात तिच्यातून पाणी धावतं आणि वाटेची घळ होते.

त्यामुळे मरीनमध्ये अनेक दशकं सायकलींना मुख्यतः फायर रोडच खुले राहिले. तिथेही ताशी 15 मैलांची, म्हणजे सुमारे 24 किलोमीटरची वेगमर्यादा आहे. कुणाला ओलांडताना किंवा आंधळ्या वळणावर ती 5 मैल, म्हणजे सुमारे 8 किलोमीटर होते. ‘आम्हीही निसर्गासाठीच येतो, मग पायवाटा आम्हालाच बंद का?’ असा सायकलस्वारांचा प्रश्न आहे. ‘शांतपणे चालायला थोडी जागा तरी सोडा’, असं पायी फिरणाऱ्यांचं म्हणणं आहे. अशाच वादांतून वाटांचा हक्क मिळवण्यासाठी आणि वाटा नीट राखण्यासाठी 1988मध्ये आंतरराष्ट्रीय माउंटन बाइक संघटना स्थापन झाली.

जंगलातल्या वाटेवर पाळायचे नियम

- पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यावी.
- वळणाआधी वेग कमी करून घंटी वाजवावी.
- पावसानंतर माती ओली असताना त्या वाटेवर जाऊ नये.
- मागचं चाक घासत ब्रेक लावू नये, त्याने माती उकरली जाते.
- बंद वाटेवर शिरू नये आणि नवी वाट पाडू नये.

जी सायकल आज जगभर पायवाटांवर धावते, तिला तिच्या जन्मगावातल्या बहुतेक पायवाटा वर्षानुवर्षं बंद राहिल्या. जिथे वाटा खुल्या आहेत, तिथे त्या तशाच राहाव्यात, ही जबाबदारी सायकलस्वारांवरही आहे.