लिस्बन : किल्ल्यापासून आव्हेनिदापर्यंत

साँव जॉर्जच्या किल्ल्याखालच्या उतारावरची आल्फामा ही लिस्बनमधली सर्वांत जुनी वस्ती. अरब अमलातली बोळांची गुंतागुंत तिथे अजून टिकून आहे. ११४७मध्ये शहर पोर्तुगालच्या ख्रिस्ती राजाने जिंकल्यावर उभारलेले कॅथीड्रल उतरतानाच लागते.

पुढे बायशाची सपाटी येते आणि रस्ते एकदम सरळ, काटकोनात होतात. १ नोव्हेंबर १७५५ रोजी भूकंप, त्सुनामी आणि आगीने हा भाग उद्ध्वस्त झाला. मंत्री पोंबालने तो नव्याने वसवला. इथले खरे कौशल्य भिंतींच्या आत आहे. दगडी बांधकामात तिरक्या लाकडी दांड्यांचा पिंजरा बसवलेला असतो. जमीन हादरली की लाकूड लवते आणि घर उभे राहते. मोठ्या आपत्तीतून घेतलेला इतका विचारी धडा त्या काळच्या युरोपात विरळाच. रस्त्यांना सोने, चांदी, चांभारकाम अशी धंद्यांची नावे मिळाली.

रोसियू चौकातली काळ्या-पांढऱ्या दगडांची लाटांची नक्षी ओलांडली की थोड्या अंतरावर आव्हेनिदा दा लिबर्दाद सुरू होते. १८७९पासून जुनी सार्वजनिक बाग मोडून आखलेला हा झाडांचा प्रशस्त रस्ता पोंबालच्या पुतळ्यापाशी संपतो. तिथून उत्तरेकडे आधुनिक लिस्बन वाढत गेले.