हिमोढ आणि राख : उत्तर आयडाहोतील पर्वतीय वनमृदांचा इतिहास

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या वायव्य भागात, आयडाहो राज्याच्या उत्तर टोकाकडील पर्वतउतारांवर डग्लस फर, हेमलॉक, लार्च आणि तांबडा सीडार या सूचिपर्णी वृक्षांची दाट वने आहेत. या वनांत छातीएवढा खोल खड्डा खणला असता एक विलक्षण दृश्य दिसते. पालापाचोळ्याखाली प्रथम पिवळसर तपकिरी, पिठासारखी मऊ आणि हातात घेतली असता अनपेक्षितपणे हलकी वाटणारी माती लागते. तिच्यात दगड फारसे आढळत नाहीत. वीतभर ते हातभर खोलीवर ही माती एकाएकी संपते आणि तिच्याखाली लहानमोठ्या दगडधोंड्यांनी भरलेला, घट्ट, करड्या रंगाचा थर सुरू होतो. झाडांची बारीक मुळे बहुतांशी वरच्या थरातच गुंतलेली असतात.

या दोन थरांचा परस्परांशी जन्मसंबंध नाही. खालचा थर हिमनद्यांनी आणून टाकला, तर वरचा थर सुमारे ७०० किलोमीटर अंतरावरील एका ज्वालामुखीतून आकाशमार्गे आला. दोहोंच्या दरम्यान काही हजार वर्षे गेली. मृदासर्वेक्षणाच्या नोंदींत ही सीमा खालच्या थराच्या संज्ञेपूर्वी '२' हा अंक लिहून दर्शविली जाते. जुन्या अहवालांत त्या जागी रोमन आकडा असे. एवढ्याशा अंकामागे दडलेला इतिहास विज्ञानाला उलगडण्यास विसावे शतक बहुतेक सारे खर्ची घालावे लागले, आणि त्याच शतकात या थराची सर्वाधिक हानी झाली. प्रस्तुत निबंधात या दोन घटनाक्रमांचा एकत्रित विचार केला आहे.

बर्फाने ठेवलेला थर

शेवटच्या हिमयुगात ब्रिटिश कोलंबियातील पर्वतरांगांवर साचलेला प्रचंड हिमस्तर दक्षिणेकडे सरकत आला. त्याच्या जिभेसारख्या शाखा दऱ्याखोऱ्यांतून आजच्या वॉशिंग्टन, आयडाहो व माँटॅना या राज्यांत उतरल्या. सुमारे १७ ते १८ हजार वर्षांपूर्वी हा विस्तार परमावधीस पोहोचला होता. यांपैकी एका शाखेने क्लार्क फोर्क नदी अडवल्यामुळे माँटॅनात एक अवाढव्य सरोवर निर्माण झाले. जे. टी. पार्डी यांनी १९१० मध्ये या सरोवराविषयी लिहिले होते. पुढे जे. हार्लन ब्रेट्झ यांनी १९२३ पासून वॉशिंग्टनमधील उघड्याबोडक्या खडकाळ प्रदेशाचे कारण म्हणून महापुराची कल्पना मांडली आणि त्यावरून मोठा वाद झाला, हा इतिहास सुपरिचित आहे.

बर्फ वितळून मागे हटताना त्याने खरवडून आणलेले दगड, वाळू व खडकांचे पीठ हे सारे न निवडता, न चाळता जागच्या जागी टाकले. वाहत्या पाण्याप्रमाणे जाड-बारीक कण वेगळे करण्याची शक्ती बर्फात नसते, त्यामुळे हिमोढाच्या या गाळात खोलीभर आकाराचा धोंडा आणि चिमूटभर धूळ एकाच ठिकाणी आढळतात. महाराष्ट्रातील वाचकास याचे प्राचीन उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यात इराई येथील तालचीर गोलाश्म थरात पाहता येते. मात्र तो थर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा असून कठीण खडक बनून गेला आहे. आयडाहोतील गाळ त्यामानाने कालचा आहे. वनाच्या दृष्टीने तो फारसा उदार नाही. दगडांमुळे त्यात पाणी धरून ठेवण्यास जागा कमी, आणि जेथे तो बर्फाच्या भाराने दाबला गेला आहे तेथे मुळांनाही वाट मिळत नाही.

माझामाची राख

आजच्या ओरेगॉन राज्यातील क्रेटर लेक हे ५९४ मीटर खोल सरोवर संयुक्त संस्थानांतील सर्वांत खोल सरोवर होय. त्याच्या जागी पूर्वी सुमारे ३,७०० मीटर उंचीचा ज्वालामुखी पर्वत होता. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी त्याच्या महास्फोटात ५० घन किलोमीटरच्या आसपास शिलारस बाहेर फेकला गेला आणि आतून पोकळ झालेला माथा खाली कोसळला. १८९६ मध्ये गिर्यारोहकांच्या एका मंडळाने आपल्या नावावरून त्याला माझामा हे नाव दिले. नाहीशा झाल्यानंतर हजारो वर्षांनी बारसे झालेले पर्वत जगात थोडेच असावेत.

या घटनेची मानवी स्मृती मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. त्या प्रदेशातील क्लामाथ समाजाच्या मौखिक परंपरेत पाताळाचा अधिपती लाओ आणि ऊर्ध्वलोकाचा अधिपती स्केल यांच्यातील युद्धाची, आग ओकणाऱ्या व अखेर कोसळलेल्या पर्वताची कथा सांगितली जाते. १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ ल्यूथर क्रेसमन यांना ओरेगॉनमधील फोर्ट रॉक गुहेत ज्वालामुखी राखेच्या थराखाली सेजब्रश झुडुपाच्या सालीपासून विणलेल्या अनेक चपला सापडल्या. पुढे किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने त्यांचे वय नऊ हजार वर्षांच्या आसपास ठरले. म्हणजे स्फोटाच्या वेळी या भूमीवर माणसे राहत होती, यात संशय उरत नाही. मौखिक कथेला इतिहासाचे साधन मानावे की नाही, हा वाद अन्यत्र चालत राहील. येथे तरी कथा आणि राख यांची साक्ष परस्परविरोधी नाही.

स्फोटातील राख प्रामुख्याने ईशान्येकडे वाहत गेली. तिचे कण ग्रीनलंडच्या बर्फातही ओळखले गेले आहेत. उत्तर आयडाहोत ती पडली तेव्हा तिचे पुढे काय व्हायचे हे भूपृष्ठावरील आच्छादनाने ठरविले. कोरड्या गवताळ प्रदेशातील पुष्कळशी राख वाऱ्यापावसाने हलविली, तर वनाखालची राख बऱ्याच प्रमाणात जागीच राहिली. म्हणूनच आजही ओलसर उत्तर व पूर्व उतारांवर हा थर जाड, तर वारंवार जळणाऱ्या कोरड्या दक्षिण उतारांवर पातळ किंवा तुटक आढळतो. जुन्या वनांनी राख राखली आणि त्या राखेने पुढील वने पोसली, असे म्हणण्यास हरकत नाही.

ओळख पटण्यास लागलेला विलंब

हॉवेल विल्यम्स यांनी क्रेटर लेकच्या भूरचनेवरील आपला ग्रंथ १९४२ मध्ये प्रसिद्ध केला आणि पर्वताच्या कोसळण्याचे सविस्तर विवेचन केले. परंतु शेकडो किलोमीटर दूरच्या दलदलींत व वनांत सापडणारी राख याच पर्वताची आहे, हे त्यामुळे आपोआप सिद्ध झाले नाही. वॉशिंग्टन राज्यातील ग्लेशियर पीक हा ज्वालामुखी अधिक जवळचा असल्याने १९५० च्या दशकात ती राख त्याच्या नावावर मांडली जात होती. १९६४ मध्ये हॉवर्ड पॉवर्स आणि रे विल्कॉक्स यांनी राखेतील काच व खनिजे तपासून दोन्ही ज्वालामुखींच्या राखा वेगळ्या करून दाखविल्या. दूरवर पसरलेली तरुण राख माझामाची, आणि ग्लेशियर पीकची राख तिच्याहून पुष्कळ जुनी, असे त्यावरून निश्चित झाले.

जुन्या लेखनात या स्फोटाचा काळ साडेसहा हजार वर्षांच्या आसपास, तर अलीकडील लेखनात ७,७०० वर्षांच्या आसपास दिलेला आढळतो. यात विरोध नाही. पहिला आकडा कार्बनमापनाची अशोधित वर्षे दर्शवितो आणि दुसरा प्रत्यक्ष सौरवर्षे. संदर्भ घेताना ही काळजी न घेतल्यास हजार वर्षांची चूक सहज होते.

मृदाविज्ञानात या मातीला स्वतंत्र स्थान मिळण्यास आणखी काळ गेला, आणि ते स्थान जपानमार्गे आले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सर्वेक्षकांनी जपानमधील काळसर राखमातीसाठी 'अँडो' ही संज्ञा वापरली. जपानी भाषेत 'अन्' म्हणजे गडद आणि 'दो' म्हणजे माती. १९६२ मध्ये योशिनागा व आओमिने या जपानी संशोधकांनी अशा मातीतील इमोगोलाइट या सूक्ष्म नलिकाकार खनिजाचे वर्णन केले. राखेतील काच विघटित होताना अॅलोफेन व इमोगोलाइट यांसारखी पुरेशी स्फटिकरूप न घेतलेली द्रव्ये बनतात. त्यांच्यामुळे माती हलकी राहते, भरपूर पाणी धरते आणि फॉस्फेट घट्ट पकडून ठेवते.

तथापि १९६० च्या अमेरिकी वर्गीकरणात राखमातीला 'इन्सेप्टिसॉल' या नवजात मृदांच्या गणात केवळ एक उपगण मिळाला. मृदावर्गीकरणाचे शिल्पकार गाय स्मिथ यांनी स्वतःच १९७८ मध्ये ही व्यवस्था अपुरी असल्याचे दाखवून स्वतंत्र गणाचा प्रस्ताव मांडला. न्यूझीलंडचे एम. एल. लीमी यांच्या अध्यक्षतेखालील आंतरराष्ट्रीय समितीने त्यावर अनेक वर्षे काम केले आणि १९९० मध्ये 'अँडिसॉल' हा गण अधिकृतपणे समाविष्ट झाला. त्याच्या व्याख्येत कमी विघटित, काचेचे प्रमाण अधिक असलेल्या मातीसाठीही जागा ठेवण्यात आली. तशी ती ठेवली नसती, तर आयडाहोतील पुष्कळ राखमाती पुन्हा बाहेरच राहिली असती.

या व्याख्येतील एक अट येथे महत्त्वाची आहे. साधारणपणे, वरच्या ६० सेंटीमीटरपैकी किमान ३६ सेंटीमीटर जाडीत राखमातीचे गुणधर्म असले तरच ती माती अँडिसॉल ठरते. थर त्याहून पातळ असल्यास ती दुसऱ्या गणात जाते आणि राखेचा उल्लेख केवळ उपविभागाच्या नावात उरतो. म्हणजे ४० सेंटीमीटर जाडीच्या थरातून एखाद्या यंत्राने दहा सेंटीमीटर माती खरवडली, तर एका दुपारीत त्या मातीचा गण बदलतो.

तोड, यंत्रे आणि माती

या प्रदेशातील मोठ्या प्रमाणावरील लाकूडतोड रेल्वेमागोमाग आली. १९०६ मध्ये पॉटलॅच येथे पांढऱ्या पाइनची भव्य लाकूडगिरणी सुरू झाली. ऑगस्ट १९१० मधील भीषण वणव्यांत आयडाहो व माँटॅनातील सुमारे ३० लाख एकर क्षेत्र होरपळले. त्याच वर्षी युरोपातून आलेल्या रोपांबरोबर व्हँकुव्हर येथे फोडी-तांबेरा हा पाइनचा घातक रोग पोहोचला आणि १९२३ पर्यंत तो आयडाहोत दिसू लागला. १९११ मध्ये स्थापन झालेल्या प्रीस्ट रिव्हर वनसंशोधन केंद्राचे लक्ष आरंभीच्या काळात आग, बियाणे व पाइनचे पुनरुज्जीवन यांवर खिळले असल्यास नवल नाही. माती ही पायाखालची गृहीत वस्तू होती.

महायुद्धानंतर साखळीचाकांचे ट्रॅक्टर व बुलडोझर वनात शिरले. ओंडके ओढण्यासाठी आणि तोडीनंतरचा फांद्यांचा कचरा ढकलून ढीग करून जाळण्यासाठी त्यांचा सर्रास वापर झाला. सपाट जमिनीवर हे काम चटकन होई; पण यंत्राच्या पात्याबरोबर वरची मऊ माती कचऱ्याच्या ढिगात जाई आणि उरलेली माती वजनाखाली दबली जाई. राखेची माती पोकळ असल्यामुळे ती सहज दबते. तिच्या स्थूल घनतेची वर्गीकरणातील मर्यादाच मुळी दर घन सेंटीमीटरला ०.९ ग्रॅम इतकी, म्हणजे पाण्यापेक्षाही कमी आहे.

येथे दख्खनच्या काळ्या मातीशी तुलना उद्बोधक ठरते. दोन्ही मृदांचे मूळ ज्वालामुखीय असले तरी काळी माती लाव्हा थिजून बनलेल्या बेसाल्टच्या विघटनातून निर्माण झाली आहे. तिच्यातील चिकणमाती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भेगा पडतात, वरची माती आत जाते आणि जमीन जणू स्वतःच स्वतःला नांगरते. राखमातीत फुगणारी चिकणमाती नगण्य असते. हिवाळ्यात जाड बर्फाच्या दुलईखाली ती खोलवर गोठतही नाही. त्यामुळे एकदा दबलेली राखमाती अनेक दशके दबलेलीच राहते. आयडाहोच्या उत्तर भागातील पाणी मुख्यतः हिवाळी हिमवर्षावातून येते व उन्हाळा कोरडा जातो, हे लक्षात घेता, जुलै-ऑगस्टपर्यंत रोपाला पाणी पुरविणारा थर दबणे किंवा नाहीसा होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

हानीचा आणखी एक प्रकार रासायनिक आहे. क्लिअरवॉटर नदीच्या परिसरातील ग्रँड फर वनांत संपूर्ण तोडीनंतर काही ठिकाणी वन परतलेच नाही; तेथे ब्रॅकन नेचे माजले आणि बिळे करणाऱ्या गोफर प्राण्यांनी रोपे टिकू दिली नाहीत. आयडाहो विद्यापीठातील संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले, की अशा नेचेग्रस्त जागी माती अधिक आम्ल होते आणि तिच्यातील अॅलोफेनची जागा अॅल्युमिनियम व ह्यूमस यांची संयुगे घेतात. म्हणजे खनिजांच्या पातळीवरील बदल काही दशकांत घडू शकतो.

कायद्याने मातीची दखल त्यामानाने आधी घेतली होती. १९७६ च्या राष्ट्रीय वन व्यवस्थापन कायद्यात माती व पाणलोट यांची न भरून येणारी हानी होणार नाही अशाच ठिकाणी तोड करावी, असे बंधन आहे. त्यास अनुसरून वनसेवेच्या उत्तर विभागाने कोणत्याही कामाच्या क्षेत्रात १५ टक्क्यांहून अधिक भागातील माती हानिकारकरीत्या बदलू नये, अशी मर्यादा घातली. पण हानी मोजण्यासाठी मातीचे स्वरूप ठाऊक असावे लागते, आणि राखमातीचा स्वतंत्र गण तर १९९० मध्ये अस्तित्वात आला. या प्रदेशातील राखजन्य वनमृदांचे गुणधर्म, व्यवस्थापन व पुनरुज्जीवन या विषयाला वाहिलेली परिषद कर द'अलीन येथे भरली ती नोव्हेंबर २००५ मध्ये. प्रीस्ट रिव्हर येथेही मातीच्या दीर्घकालीन उत्पादकतेच्या अभ्यासासाठी मुद्दाम दाबलेल्या व सेंद्रिय थर काढून टाकलेल्या भूखंडांची मापने घेतली जाऊ लागली.

नवी राख येऊन हा थर भरून निघेल काय, या प्रश्नाचे उत्तर निसर्गानेच एकदा दिले आहे. १८ मे १९८० रोजी माउंट सेंट हेलेन्सचा स्फोट झाला, ५७ माणसे दगावली आणि राखेचा ढग पूर्वेकडे उत्तर आयडाहोवरून गेला. भर दिवसा अंधार झाला. तेथील वनांत त्या दिवशी पडलेली राख जास्तीत जास्त काही सेंटीमीटर जाडीची होती. आज खड्डा खणणाऱ्यास ती काही ठिकाणी कुजक्या पानांच्या खाली, माझामाच्या तपकिरी मातीवर, करड्या रंगाच्या एका बारीक रेघेच्या रूपाने दिसते.