निखाऱ्याचे इंधन आणि आरोग्याचे दावे

लाकूड, लाकडी कोळसा, दगडी कोळसा, गोवऱ्या, शेतातल्या काडीकचऱ्याच्या ब्रिकेट, गॅस किंवा वीज यांच्या थेट आचेवर मांस, मासे, भाज्या व रोट्या भाजताना ‘हे इंधन आरोग्याला चांगले’ असे सांगून त्याची विक्री केली जाते. त्या सांगण्याची ही तपासणी. नागपूर हे या तपासणीसाठी सोयीचे शहर आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीचे मुख्यालय १९७५ पासून इथे आहे, भोवती उमरेड, सावनेर, कामठीच्या खाणी आहेत. १९५८ मध्ये स्थापन झालेली आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थाही इथलीच. जिल्ह्यात पऱ्हाटीचे ढीग आहेत, मोमिनपुऱ्यात कबाबाच्या शेगड्या आहेत, हॉटेलांत तंदूर आहेत आणि शेताच्या बांधावर रोडग्यांसाठी रचलेल्या गोवऱ्याही. प्रत्येक इंधनाचा कैवारी आपलेच इंधन निर्मळ असल्याचे सांगतो. या सगळ्या दाव्यांत एकच गफलत पुन्हापुन्हा आढळते. खाणाऱ्याच्या पोटात काय जाते, भाजणाऱ्याच्या छातीत काय जाते आणि शहराच्या हवेत काय जाते, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. विक्रेता त्यातल्या एकाचे खरे उत्तर दुसऱ्याला चिकटवतो.

पहिला प्रश्न खाणाऱ्याचा. भाजलेल्या मांसात काळजीचे दोन मुख्य गट तयार होतात. एक हेटेरोसायक्लिक अमाइन. मांसातले क्रिएटिन, अमिनो आम्ले व साखर साधारण १५० अंश सेल्सिअसच्या वर एकत्र तापली की हे घडतात. त्याला धूर लागत नाही, निखारा लागत नाही. गॅसवरच्या तव्यात करपवलेल्या तुकड्यातही ते असतात. दुसरा गट बहुचक्री ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनांचा. चरबीचा थेंब निखाऱ्यावर किंवा तापलेल्या पत्र्यावर पडतो, चर्र होतो, त्याचा धूर वर येऊन तुकड्यावर बसतो. बेंझोपायरीन त्या धुरातले. म्हणजे पहिल्या गटाला आच आणि वेळ जबाबदार, दुसऱ्याला मुख्यतः ओघळणारी चरबी. इंधन नारळाच्या करवंटीचे की बाभळीचे, हा मुद्दा दोन्हींकडे मागच्या बाकावर बसतो. युरोपीय संघाने भाजून विकल्या जाणाऱ्या मांसात बेंझोपायरीनची कमाल मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. ती मर्यादा मांसाला आहे, कोळशाच्या गोणीला नाही, आणि ते योग्यच आहे. चरबी काढून टाकणे, तुकडा ज्वाळेपासून उंच धरणे, वारंवार उलटणे, मसाला-लिंबाचे मुरवण लावणे, करपलेला भाग टाकून देणे हे उपाय मोजमापांत उपयोगी ठरलेले आहेत. यातला एकही उपाय पाकिटात भरून विकता येत नाही, म्हणून जाहिरातीत तो दिसत नाही. माणसांवरच्या पाहण्यांत भाजलेल्या मांसाचा कर्करोगाशी असलेला संबंध प्राण्यांवरच्या प्रयोगांइतका स्वच्छ दिसत नाही, हेही इथे नोंदवायला हवे. तेव्हा ‘आमच्या कोळशाने कर्करोगाचा धोका जातो’ हे विधान दुहेरी पोकळ ठरते; धोका किती हे अजून नक्की झालेले नाही, आणि जो असेल तो कोळशातून मुख्यतः येतच नाही.

वैदर्भीय स्वयंपाकातले दोन पदार्थ हा भेद नेमका दाखवतात. रोडगे जाडसर कणकेचे. गोळा पदर घालून वळायचा, गोवऱ्यांचा जाळ बसला की आरात ठेवायचा आणि वरून तापली राख ओढायची. पुरते भाजले की कापडात घेऊन झटकायचे, फोडायचे, वर तूप सोडायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. इथे अन्न इंधनात अक्षरशः पुरलेले असते, तरी कणकेत क्रिएटिन नाही आणि ठिबकणारी चरबीही नाही. त्यामुळे मांसाबाबतची भीती रोडग्याला तशीच लागू होत नाही. पिठूळ पदार्थाच्या करपट पापुद्र्यात ॲक्रिलामाइड होते, ते वेगळे, आणि पापुद्रा खरवडला की बरेचसे जाते. दुसरा पदार्थ लांब पोळी. सैल कणीक आपटून, हातांवर ताणून, पालथ्या मडक्यावर टाकतात. खाली लाकडाचा जाळ, मध्ये मातीची भिंत. पोळीला धूर फारसा शिवत नाही. पण ती करणारी बाई तासन्तास त्या चुलीपुढे असते आणि धुराचा सगळा हिशेब तिच्या नावावर जमा होतो. ‘मडक्यावरची पोळी, म्हणून आरोग्यदायी’ हे वाक्य खाणाऱ्यापुरते बरोबर असेलही. करणारीला ते कोणी विचारत नाही.

‘धूररहित’ हा शब्द बाजारात सर्वांत जास्त खपतो आणि माझ्या मते तोच सर्वांत धोक्याचा आहे. लाकडी कोळसा कमी धुरतो हे खरे. लाकूड कमी हवेत तापवून कोळसा करतानाच त्यातले उडून जाणारे पदार्थ निघून गेलेले असतात. तो धूर भट्टीवरच्या मजुराने आधीच सोसलेला असतो. पारंपरिक मातीच्या भट्टीत एक किलो कोळशाला साधारण पाच ते दहा किलो लाकूड लागते, यावरून मागे किती काय जळते याचा अंदाज यावा. उरलेला निखारा शांत लाल दिसतो, पण अपुऱ्या हवेत तो कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. धूर निदान डोळ्यांत पाणी आणून माणसाला बाहेर काढतो. हा वायू झोपवतो. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी मृत आढळल्याच्या बातम्या उत्तर व मध्य भारतातून दर हिवाळ्यात येतात. गच्चीवर पाहुण्यांसाठी पेटवलेली शेगडी गारठा वाढला म्हणून खोलीत आणली, तर ‘धूररहित’ हा शब्द नेमका उलटे काम करतो. पाकिटावर ठळक अक्षरांत हवे असलेले वाक्य ‘बंद जागेत वापरू नये’ एवढेच आहे.

आता इंधनाने खरोखर फरक पडतो ती जागा. दगडी कोळसा आणि लाकडी कोळसा दोघांनाही आपण कोळसाच म्हणतो, पण त्यांची रसायने निराळी. दगडी कोळशात गंधक असते, खाणीनुसार आर्सेनिक, फ्लोराइड, पारा असू शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या खंडात घरात जाळलेल्या दगडी कोळशाच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकले, तर लाकूडफाट्याच्या धुराला ‘बहुधा कर्करोगकारक’ या एक पायरी खालच्या गटात. त्यामागचा एक मोठा पुरावा चीनच्या युन्नान प्रांतातल्या श्वेनवेई परगण्याचा. तिथे धुरकट दगडी कोळशावर स्वयंपाक करणाऱ्या, कधी तंबाखू न ओढलेल्या बायकांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण विलक्षण होते. चुलींना धुराडी बसवल्यावर ते उतरले. शेजारच्या ग्वेजो प्रांतात तर आर्सेनिकयुक्त कोळशाच्या धगीवर मिरच्या वाळवल्यामुळे माणसांना आर्सेनिकची विषबाधा झाली. भिवापुरी मिरची उन्हात वाळवणाऱ्या मुलखाने या उदाहरणावर क्षणभर थांबायला हरकत नाही. म्हणून खाणीचा कोळसा, कोळशाच्या भुकटीचे शेण-माती कालवलेले गोळे, प्लायवूडच्या फळ्या, रंग दिलेले वा वाळवीचे औषध पाजलेले लाकूड हे अन्नाखाली जाळू नये. इथे आक्षेप इंधनावरच आहे. रॉकेल ओतून किंवा दुधाच्या पिशव्या पेटवून कोळसा धरवण्याची सवयही याच खात्यात. चटकन पेटणाऱ्या ब्रिकेटमध्ये पेटवणारे द्रव्य मुरवलेले असते. वर राखेचा पांढरा थर येईपर्यंत त्यावर शीग ठेवू नये.

‘नैसर्गिक’ आणि ‘औषधी’ या दाव्यांना मात्र इतका वेळ देण्याची गरज नाही. कडुलिंबाच्या लाकडावर भाजले की औषधी गुण अन्नात उतरतात, असे सांगतात. ज्या तापमानाला लाकडाचा निखारा होतो त्या तापमानाला पानाफुलांतली औषधी द्रव्ये विघटित झालेली असतात, आणि बेंझोपायरीन कडुलिंबाच्या धुरातही असते. गोवरीवर तूप टाकले की ऑक्सिजन तयार होतो, हा फॉरवर्ड शाळकरी रसायनशास्त्रापुढेही टिकत नाही. जळण्याने ऑक्सिजन खर्च होतो. उलट, वजनाला वजन लावले तर गोवरी साधारणपणे लाकडापेक्षा जास्त सूक्ष्म कण हवेत सोडते. कोळसा शरीरातले विष शोषून घेतो, हा तिसरा दावा. विषबाधेत डॉक्टर देतात तो सक्रियित कोळसा खास प्रक्रियेने सच्छिद्र केलेला असतो आणि पोटात घेतला जातो. शेगडीतला कोळसा जळून राख होतो, त्याच्यावरून नुसती शीग फिरवल्याने कोणाच्या शरीरातले काही शोषले जात नाही.

पऱ्हाटीच्या ब्रिकेटचे प्रकरण अधिक विचार करायला लावणारे आहे, कारण तिथला मूळ मुद्दा चांगला आहे. कापूस वेचून झाला की हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी उरते आणि पुष्कळदा शेतातच पेटवली जाते. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपूर येथील जिनिंग प्रशिक्षण केंद्राने या काडीचे ब्रिकेट व पेलेट करण्याचे प्रात्यक्षिक उभे केले आहे. शेतात उघड्यावर जाळण्यापेक्षा काडी दाबून बॉयलरमध्ये किंवा चांगल्या चुलीत जाळणे शहाणपणाचे, यात शंका नाही. नीरीची ‘नीरधूर’ ही बहुइंधनी चूलही याच विचारातली. तिचा भर हवेचा पुरवठा सुधारून ज्वलन पूर्ण करण्यावर आहे. पण ‘शेतकऱ्याच्या फायद्याचे’ आणि ‘पर्यावरणपूरक’ यांवरून ‘म्हणून यावर भाजलेले पनीर आरोग्याला चांगले’ असे म्हणता येत नाही. कोळसा न केलेली, नुसती दाबलेली काडी ही लाकडासारखीच धुरते. त्यातून कापूस हे भरपूर फवारणीचे पीक. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेत शेतकरी-मजुरांचे जीव गेले. काडीत कीटकनाशकाचा अंश किती उरतो हे प्रयोगशाळेत मोजता येते. तो मोजला नसेल तर ‘रसायनमुक्त’ असा शिक्का मारण्याचा हक्क कोणाला नाही. युरोपात बार्बेक्यूच्या इंधनासाठी ईएन १८६०-२ हे मानक आहे. त्यानुसार लाकडी कोळशात स्थिर कार्बन किमान ७५ टक्के, राख कमाल ८ टक्के. ब्रिकेटमध्ये स्थिर कार्बन किमान ६० टक्के, राख कमाल १८ टक्के. ओलावा दोन्हींत ८ टक्क्यांपर्यंत. प्रामाणिक विक्रेत्याने छापण्यासारखे हे आकडे आहेत, आणि त्यांत ‘आरोग्य’ हा शब्द कुठेच नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातात. वाडवडील चुलीवरचेच खात आले, त्यांना काय झाले? त्यांना पुष्कळ काही झाले. फक्त ते चुलीच्या नावे लिहिले गेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, आणि खोकला, दमा, मोतीबिंदू हे चुलीपुढच्या बायकांचे जुने सोबती आहेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: महिन्यातून एकदा कबाब खाणाऱ्याने एवढी चिकित्सा का करावी? त्याने खरोखरच फार करू नये. कधीतरी खाणाऱ्यासाठी इंधनाची निवड हा चवीचा आणि खिशाचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच आरोग्याच्या नावाने त्याच्याकडून जादा पैसे घेणे गैर आहे. चिकित्सा हवी ती रोज संध्याकाळी शेगडीला वारा घालणाऱ्या कारागिरासाठी. त्याला महागड्या कोळशापेक्षा डोक्यावर धूर ओढणारे झाकण आणि मोकळी हवा जास्त उपयोगी. तिसरा आक्षेप गॅसवाल्यांचा असतो: मग गॅसच आरोग्यदायी म्हणा. सूक्ष्म कणांच्या बाबतीत गॅस आणि वीज लाकूड-कोळशाच्या फार पुढे आहेत, हे मान्यच. पण गॅसच्या ज्वाळेत नायट्रोजन डायऑक्साइड होतो, आणि गॅसवर करपवलेली तंगडी ही करपलेलीच असते. गॅसची बाजू भटारखान्यासाठी आणि शहरासाठी भक्कम आहे, ताटासाठी तितकी नाही.

शहराच्या हवेचा प्रश्न महाराष्ट्रात न्यायालयापर्यंत गेला आहे. नीरीने २०१० मध्ये मुंबईच्या हवेचा जो स्रोतवार अभ्यास केला त्यात बेकऱ्या, हॉटेले व उघड्यावरची खाद्यकेंद्रे ही स्वतंत्र स्रोत म्हणून मोजली होती. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हवाप्रदूषणावरील स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या व तत्सम व्यवसायांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले, आणि त्यानंतर महापालिकेच्या नोटिसा तंदूरवाल्या हॉटेलांनाही गेल्या. नागपूरही २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांपैकी एक आहे. मुंबईच्या त्या आदेशाचा पाया सार्वजनिक हवा हा होता; तंदुरी रोटी खाणाऱ्याला अपाय होतो असे त्यात धरलेले नव्हते. तरीही ‘कोर्टाने बंदी घातली, म्हणजे कोळशावरचे अन्न विषारी’ आणि ‘आमचे इंधन हरित, म्हणजे अन्न निर्धोक’ अशी दोन्ही बाजूंची विक्री त्याच आदेशाच्या आधाराने करता येते.

कायद्याची बाजू थोडी विषम आहे. अन्नावरच्या दाव्यांना २०१८ चे अन्न सुरक्षा जाहिरात व दावे विनियम लागू होतात. कोळशाची गोणी हे अन्न नसल्याने ती त्यांच्या बाहेर राहते. तिच्यावरचा दावा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून तपासता येतो. २०२० मध्ये स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते, आणि ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ‘हरित’, ‘पर्यावरणपूरक’ यांसारख्या शब्दांना आधार दाखवणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ग्राहकाने पाकीट आणि पावती जपून ठेवावी, विक्रेत्याकडे राख, ओलावा व स्थिर कार्बनचा तपासणी अहवाल मागावा, आणि तो न देता आरोग्याची हमी दिली जात असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.