धानाच्या बांध्या आणि हिवाळ्यातला पराग

गोंदिया हा 1999 साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला जिल्हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा. इथे मध म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या नागझिरा-नवेगावच्या रानातला, आग्या मोहोळाचा. धूर करून पोळे काढण्याच्या या रीतीत पराग, अंडी, अळ्या सगळेच उद्ध्वस्त होई. माशी काय गोळा करते, हे पाहायला वेळच नसे.

ते पाहणे शक्य झाले मधपेटीमुळे. अमेरिकेतील मधमाशीपालक लँगस्ट्रॉथने 1852 मध्ये हलत्या चौकटींच्या पेटीचे पेटंट घेतले. दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी छोट्या सातेरी माशीला साजेशी पेटी बनवली. पुण्यात 1962 साली केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था सुरू झाली. पेटीत माशीने आणलेला पराग कुठल्या फुलाचा, हे सूक्ष्मदर्शकाखाली परागकणाचा आकार आणि नक्षी पाहून ओळखता येते. परागाच्या नुसत्या रंगावर विसंबणे धोक्याचे.

धान निघण्याआधी ओल्या बांधीत फेकलेली लाखोळी आणि जवस हिवाळ्यात फुलतात, जोडीला मोहरी. मोहरीच्या फुलावरून परतणाऱ्या कामकरी माशीच्या मागच्या पायांवर परागाच्या पिवळ्या गोळ्या दिसतात. परसातल्या पेटीच्या दारात त्या दिसू लागल्या, की आत बहुधा पिल्ले वाढत असतात, कारण त्यांना लागणारी प्रथिने परागातूनच येतात. पळस फुलतो तो या हिवाळी फुलांनंतर.