मनीऑर्डर आणि मदतीचा हात

महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या कोणत्याही वाडीत एरवीच्या दिवशी जा. पडवीत बसलेली दिसतील ती बहुतेक म्हातारी माणसे. हे आजकालचे नव्हे. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा इथला तरणा माणूस गिरणीत नाहीतर गोदीत जायचा. आमच्या मोहल्ल्यातला बोटीवर जायचा, पुढे कुवेत-सौदीला जाऊ लागला. गणपतीला, शिमग्याला, ईदला बंद घरांची कुलपे निघत. बाकीचे वर्ष मनीऑर्डरवर चाले.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मी शाळकरी मुलगा होतो. अक्षर बरे म्हणून आळीतल्या म्हाताऱ्या मला पत्रे लिहायला बोलवायच्या. शेजारच्या एका आजींचे पहिले वाक्य ठरलेले असे, "लिही रे बाबा, मी खुशाल आहे." त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मुलगा पैसे वेळेवर पाठवी. पण दवाखान्यात नेणार कोण, रात्री उशाशी बसणार कोण, पट्टी सुटेपर्यंत चूल पेटवणार कोण? हे त्यांनी कधी लिहायला सांगितले नाही आणि मीही आपल्या मनाने लिहिले नाही. आजी अंधारातच गेल्या. पैसा होता, इलाज होता. मधला माणूस तेवढा नव्हता.

तो मधला माणूस उभा करण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या देशात त्याच काळात चालू होता, हे मला फार उशिरा कळले. ही गोष्ट हेल्पेज इंडिया या संस्थेची. १९७४ साली सेसिल जॅक्सन-कोल नावाचे इंग्रज गृहस्थ भारतात आले. ऑक्सफॅमच्या उभारणीत त्यांचा हात होता आणि इंग्लंडात वृद्धांसाठी संस्था त्यांनी काढली होती. दिल्लीच्या सॅमसन डॅनियल यांनी त्यांच्याकडे वृद्धांच्या कामासाठी मदत मागितली. त्यांनी पैशांची थैली दिली नाही. पैसा लोकांतून कसा उभा करायचा याचे शिक्षण घ्यायला डॅनियल यांना लंडनला नेले. परत आल्यावर डॅनियल यांनी दिल्लीत शाळकरी मुलांची पदयात्रा काढली. मुलांनी चालायचे आणि ओळखीच्यांनी त्या चालण्यापोटी वर्गणी द्यायची. पुढे मुंबई, मद्रास, कलकत्ता इथेही काम पसरले. एप्रिल १९७८मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि थोड्याच काळात ती परदेशी आधार सोडून स्वतःच्या पायावर उभी राहिली.

मुंबईला मामूंकडे सुटीत गेलो असताना मामेभावाच्या दप्तरात मी असा वर्गणीचा कागद पाहिला होता. चाळीत दारोदार फिरून कोणाकडून रुपया, कोणाकडून आठ आणे त्याने गोळा केले. नातवाच्या वयाच्या मुलांनी उभी केलेली ही संस्था, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

त्या पैशांतून १९८०पासून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. १९८२च्या सुमारास फिरते दवाखाने आले. म्हातारा माणूस दवाखान्यापर्यंत येत नाही, तर दवाखान्यानेच त्याच्या दाराशी जावे, हा साधा विचार त्यामागे होता. २००४च्या त्सुनामीनंतर दक्षिणेच्या किनाऱ्यावर वृद्धांचेच बचतगट उभे राहिले. तिथे म्हातारी माणसे घेणारी राहिली नाहीत, एकमेकांना देणारीही झाली. २०२० साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला.

मला या वाटचालीत महत्त्वाचा वाटतो तो दानाकडून हक्काकडे झालेला प्रवास. १९९९मध्ये केंद्राने वृद्धांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. २००७मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. मुलांकडून निर्वाहखर्च मागण्यासाठी आता कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. महाडच्या माणसाला हक्काची गोष्ट वेगळी समजवावी लागू नये. २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते कोणाची मेहेरबानी म्हणून नव्हे. म्हातारपणी उशाशी हवा असलेला पाण्याचा तांब्याही मेहेरबानीचा का असावा?

मात्र कायदा पोटगी देतो, तांब्या भरून देत नाही. दिल्ली-मुंबईची संस्था कितीही मोठी झाली तरी डोंगरातल्या प्रत्येक वाडीत रोज कशी पोचणार? याचे उत्तर मला केरळात सापडते. मलबारही आमच्या कोकणासारखाच, मुले आखातात आणि आईबाप घरी. १९९३ साली कोझिकोडच्या डॉक्टरांनी असाध्य आजाऱ्यांच्या वेदना कमी करण्यासाठी संस्था काढली. दवाखान्यात बसून सगळ्यांना पुरे पडता येत नाही हे ध्यानात आल्यावर २००१मध्ये शेजाऱ्यांचे जाळे विणले गेले. गावातल्याच माणसांना शुश्रूषेचे शिक्षण द्यायचे, खर्च गावातल्याच छोट्या वर्गणीतून भागवायचा, आणि परिचारिकेबरोबर घरोघर जायचे. २००८मध्ये सरकारने धोरण केले आणि पंचायतींनी हे काम उचलले. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांनाही त्याचा आधार मिळाला.

आमच्याकडे याची गरज किती, ते २२ जुलै २०२१ने दाखवले. महाड पुरात बुडाले, तळीयेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही माणसे गाडली गेली. रस्ते बंद, फोन बंद. अशा रात्री मुंबईचा मुलगा काही करू शकत नाही आणि दूरची संस्थाही नाही. हाकेच्या अंतरावर असतो तो शेजारी. कोणत्या घरात कोण एकटे आहे, कोणाला चालता येत नाही, कोणाचे औषध संपत आले आहे, एवढी यादी प्रत्येक वाडीत दोन जाणत्या माणसांजवळ असली तरी सुरुवात झाली. त्याला इमारत लागत नाही आणि उद्घाटनही लागत नाही.

हल्ली पत्रे कोणी लिहीत नाही. पैसे फोनवरून क्षणात येतात. पण पडवीतली आजी फोनवर अजूनही तेच सांगते, मी खुशाल आहे. ते ऐकून गप्प राहायचे नाही, एवढे मी शिकलो आहे. उठून तिच्या दारात जावे आणि डोळे बघावेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)