सायकलवर साईड कशी मागायची, कशी काढायची? पाणंद, कालवा आणि कॅम्पसच्या रस्त्यावर पाळायच्या गोष्टी

विष्णुपुरी (ता. नांदेड) : दिवस उगवायच्या आधीच विष्णुपुरीच्या परिसरातले रस्ते जागे होतात. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेच्या बाजूला फिरायला निघालेले लोक, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडं जाणारे रुग्णांचे नातेवाईक, काळेश्वराच्या दर्शनाला निघालेली मंडळी, दुधाच्या कॅनवाले, शेताकडं निघालेली बैलगाडी आणि या सगळ्यांतून वाट काढणारी सायकल. आतल्या गावांत तर फूटपाथ नाही आणि सायकलसाठी वेगळा पट्टाही नाही. एकच पाणंद, तीच सगळ्यांची.

अशा रस्त्यावर सायकलचा धक्का लागतो तो बहुतेक वेळा मागून पुढं जाताना. सायकलला आवाज नसतो. मोटारसायकल लांबून ऐकू येते, सायकल मात्र खेटून गेल्यावरच कळते. पुढं चालणारी आजी दचकून नेमकी ज्या बाजूनं सायकल येते त्याच बाजूला सरकते. अशा वयात पडलं की खुब्याचं हाड मोडतं आणि घरातलं चालतं-फिरतं माणूस महिनोन् महिने खाटेवर पडतं. दहा सेकंद वाचवण्यापायी एवढी किंमत कशाला?

थोडक्यात सांगायचं तर

पुढच्या माणसाला मागं डोळे नसतात. म्हणून सुरक्षित साईड काढण्याची जबाबदारी नेहमी मागून येणाऱ्याची. त्यासाठी चार गोष्टी:

१. लांबूनच कळवा. घंटी वाजवा किंवा आवाज द्या.
२. वेग कमी करा.
३. उजव्या बाजूनं, हातभर अंतर ठेवून पुढं जा.
४. जागा नसेल तर थांबा किंवा खाली उतरून सायकल हातात धरून चाला.

कायदा काय म्हणतो?

सायकलला लायसन्स लागत नाही, पासिंग लागत नाही. म्हणून सायकलला नियमच नाही, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मध्ये ‘वाहन’ या शब्दात सायकल आणि बैलगाडीही येते. त्याच कायद्याच्या कलम ९९ नुसार रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालवायचं आणि त्याच दिशेनं जाणाऱ्या दुसऱ्या वाहनाला ओलांडताना त्याच्या उजव्या बाजूनं जायचं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे ‘कोणतंही वाहन’ चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा गुन्हा आहे. त्यात फक्त मोटार असं म्हटलेलं नाही.

घंटी कधी वाजवायची?

जवळ जाऊन कानापाशी घंटी वाजवणं म्हणजे इशारा नव्हे, ते दचकवणं झालं. इथं एक सोपा हिशेब कामाला येतो. माणूस साधारण तासाला ५ किलोमीटर वेगानं चालतो. सायकल १५ च्या वेगात असेल तर ती दर सेकंदाला जवळपास ३ मीटरनं त्याच्याजवळ येते. २० मीटरवरून, म्हणजे विजेचा एक खांब ते पुढचा खांब यातल्या अर्ध्या-पाऊण अंतरावरून घंटी दिली, तर पुढच्याला सातेक सेकंद मिळतात. ऐकायला, समजायला आणि बाजूला व्हायला एवढा वेळ पुरतो. ५ मीटरवर दिली तर दोन सेकंदही मिळत नाहीत.

पहिली घंटी हलकी, दोनदा. पुढच्यानं मान वळवली किंवा बाजू दिली तर ठीक. काहीच हालचाल नसेल तर त्यानं ऐकलेलं नाही, असंच धरा. कानात हेडफोन असेल, वयामुळं कमी ऐकू येत असेल, वारा उलटा असेल. मग वेग आणखी कमी करून तोंडानं सांगा आणि कोणत्या बाजूनं येतोय तेही सांगा. “मामा, उजव्या अंगानं येऊलालो,” “मावशी, तुम्ही तशाच चला, मी बाजूनं जाते.” नुसतं “ओ, सरका!” म्हटलं की माणसाला कुठं सरकावं ते कळत नाही आणि तो गोंधळून मधोमध येतो.

पुढं गेल्यावर “बरं का मामा” एवढं म्हटलं तरी पुढच्या वेळी साईड हसत मिळते.

अंतर किती, वेग किती?

चालणाऱ्या माणसापासून निदान हातभर, म्हणजे तीन फूट जागा सोडा. सायकलचं हँडलच साधारण दोन फूट रुंद असतं. म्हणजे माणसाच्या बाजूला पाचेक फूट मोकळी जागा दिसत असेल तरच पुढं जायचं. कॅरेजवर गवताचा भारा, दुधाचे कॅन किंवा मागं बसलेलं माणूस असेल तर त्याची रुंदीही धरायची.

वेगाचं गणित असं. १५ च्या वेगात सायकल सेकंदाला चार मीटरपेक्षा जास्त जाते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो. त्यानंतर कोरड्या डांबरावर चांगल्या ब्रेकनं थांबायला आणखी तीनेक मीटर लागतात. म्हणजे एकूण सातेक मीटर. सुट्या मुरमावर किंवा ओल्या रस्त्यावर ते अंतर आणखी वाढतं. म्हणून माणसांजवळून जाताना वेग चालण्यापेक्षा थोडाच जास्त असावा. दोन्ही हात ब्रेकवर ठेवा आणि फक्त पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. सायकल मुरमावर घसरते नाहीतर पुढं उलटते.

कोणाला कसं ओलांडायचं?

डोक्यावर ओझं असलेली बाई : डोक्यावर हंडा, सरपण किंवा कडब्याची पेंढी असेल तर मान वळवता येत नाही, पटकन बाजूलाही होता येत नाही. इथं बाजू मागायचीच नाही. आवाज देऊन “तुम्ही चला” म्हणायचं आणि आपणच लांबून वळसा घ्यायचा. पेंढीचं टोक दोन्ही बाजूंना बाहेर आलेलं असतं, हे विसरू नका.

लहान मुलं : शाळेच्या वाटेवर मुलं कधी कोणत्या बाजूला पळतील सांगता येत नाही. एक मूल रस्ता ओलांडून गेलं की त्याच्या मागं दुसरं धावतंच. मुलांच्या घोळक्याजवळ पाय टेकवता येईल इतका वेग ठेवा.

घोळक्यानं चालणारे : मधून घुसायचं नाही. सगळ्यांनी एका बाजूला व्हावं यासाठी थांबायचं. अर्धे डावीकडं आणि अर्धे उजवीकडं झाले की एखादा शेवटच्या क्षणी आपल्या माणसाकडं परत पळतो. आषाढीला पंढरपूरकडं निघालेली दिंडी भेटली तर बाजूला थांबून तिला जाऊ द्या, नाहीतर उतरून कडेनं चाला.

बैलगाडी : मागून एकदम घंटी वाजवली तर बैल बुजतात. आधी गाडीवानाला आवाज द्या. त्यानं हात केला की मगच पुढं जा. बैलांच्या तोंडाजवळून जाताना शिंगांचा आणि वाखराच्या दांड्यासारख्या बाहेर आलेल्या सामानाचा अंदाज घ्या. पुढं गेल्यावर लगेच गाडीसमोर आडवं येऊ नका. पाच-सहा मीटर गेल्यावर मगच डावीकडं या.

शेळ्या-म्हशींचा कळप : घंटी वाजवून कळप फाकवू नका. उतरा, राखणदाराला विचारा आणि तो सांगेल त्या बाजूनं चाला. गाय आणि वासराच्या मधून कधीच जाऊ नये.

उसाचा ट्रॅक्टर : कारखान्याच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर याच रस्त्यानं जातात. ट्रॉली हेलकावते, ऊस बाहेर आलेला असतो आणि चालकाला मागची सायकल दिसत नाही. चालत्या ट्रॉलीला सायकलनं ओलांडू नये. ट्रॉलीला धरून ओढत जाण्याचा प्रकार तर जिवावरचा आहे. ट्रॅक्टर पुढं जाऊ द्या.

समोरून येत असेल तर?

दोघांनीही आपापल्या डाव्या बाजूनं जायचं, हा साधा नियम. अरुंद जागी ज्याच्याकडं ओझं जास्त, चढ जास्त किंवा जनावर आहे त्याला आधी वाट द्यायची. सायकलवाल्याला उतरणं सोपं असतं, गाडीवानाला गाडी मागं घेणं अवघड. दोन सायकली समोरासमोर आल्या तर ज्याला कडेला मोकळी जागा आधी मिळेल त्यानं थांबावं.

पाणंद, चाकोरी आणि कालवा

आपल्याकडच्या काळ्या मातीच्या पाणंदीवर गाड्यांच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडतात. साईड काढताना सायकल एका चाकोरीतून दुसरीकडं न्यावी लागते आणि इथंच पडण्याचं प्रमाण जास्त. चाक चाकोरीच्या कडेला तिरपं घासत गेलं की अडकतं आणि सायकल आडवी होते. म्हणून चाकोरी जिथं उथळ आहे तिथं, वेग कमी करून, शक्य तितकी आडवी ओलांडा. पावसाळ्यात चिखल असेल तर सरळ उतरा.

वळणावर ऊस, तूर किंवा ज्वारी उभी असेल तर पलीकडचं काही दिसत नाही. अशा वळणावर कोणालाही ओलांडायचं नाही. वळणाआधी दोनदा घंटी द्या आणि डावी कड सोडू नका.

कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर आणखी एक काळजी. चालणारा माणूस पाण्याच्या बाजूला असेल तर त्याला दचकवू नका आणि आणखी कडेला ढकलल्यासारखं करू नका. आपल्यालाच पाण्याच्या बाजूनं जावं लागत असेल तर उतरून जा. विष्णुपुरीच्या शंकर सागर जलाशयाच्या परिसरात फिरायला येणाऱ्यांनीही हेच पाळावं. काठावर फोटो काढणारी माणसं मागं न बघता मागं सरकतात.

अंधार पडल्यावर

सायकल बाजारात रिफ्लेक्टरशिवाय विकली जाऊ नये, यासाठी केंद्र सरकारनं २०२० मध्ये रिफ्लेक्टरच्या दर्जाचा आदेश काढला आहे. जुन्या सायकलचे रिफ्लेक्टर मात्र तुटून गेलेले असतात. मागं लाल, पुढं पांढरा आणि पॅडलला पिवळा रिफ्लेक्टर सायकलच्या दुकानात स्वस्तात मिळतो. पुढं टॉर्च लावली तर ती रस्त्याकडं खाली झुकवा. समोरच्याच्या डोळ्यावर उजेड मारला तर त्याला काही सेकंद काहीच दिसत नाही.

शाळेच्या मुलींसाठी

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. त्यामुळं गावात शाळा नसलेल्या कितीतरी मुलींचं शिक्षण चालू राहिलं. मुली बहुधा तीन-चार जणी मिळून जातात आणि तेच सुरक्षितही आहे. फक्त गप्पा मारत रस्ताभर आडव्या चालवू नका. दोघींपेक्षा जास्त शेजारी नको आणि मागून वाहन आलं की एकामागं एक व्हा. ओढणी चाकात किंवा चेनमध्ये जाणार नाही अशी बांधा. घरच्यांनी महिन्यातून एकदा ब्रेक आणि घंटी तपासावी. घंटी नसलेली सायकल शाळेला पाठवू नये.

बाकीच्यांनी काय पाळावं?

चालणाऱ्यांनी : घंटी ऐकली की उडी मारू नका. सरळ चालत राहा किंवा हळूच डावीकडं व्हा. पहाटे फिरताना एक कान तरी मोकळा ठेवा. तिघं-चौघं शेजारी-शेजारी रस्ता अडवून चालू नका.

मोटारसायकल आणि जीपवाल्यांनी : जे सायकलवाल्यानं माणसासाठी करायचं, तेच तुम्ही सायकलसाठी करायचं. मागून कर्कश हॉर्न दिला की सायकल डगमगते. सायकलला ओलांडताना जर्मनीत गावात निदान दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडावं लागतं. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत जानेवारी २०२२ पासून असं स्पष्ट लिहिलं आहे की, ज्याच्यामुळं जास्त इजा होऊ शकते त्याची जबाबदारी जास्त. ट्रकवाल्यानं मोटारसायकल सांभाळायची, मोटारसायकलवाल्यानं सायकल आणि सायकलवाल्यानं पायी माणूस. आपल्या पाणंदीलाही हा हिशेब लागू पडतो.

धक्का लागलाच तर

पळून जाऊ नका. आधी सायकल रस्त्यातून बाजूला घ्या. पडलेल्या माणसाला, विशेषतः म्हाताऱ्या माणसाला, हात धरून लगेच ओढून उभं करू नका. खुब्याला किंवा पाठीला मार असेल तर त्यानं दुखणं वाढतं. कुठं दुखतं ते विचारा. पाय हलवता येत नसेल, डोक्याला लागलं असेल, उलटी होत असेल किंवा गुंगी येत असेल तर १०८ वर फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडानं दाबून धरा. घरच्यांना कळवा आणि मदत येईपर्यंत तिथंच थांबा.

लक्षात ठेवा

• २० मीटरवरून घंटी, मग आवाज, मग साईड.
• उजव्या बाजूनं, हातभर अंतर ठेवून.
• ओझं, लेकरू, जनावर दिसलं की आपणच थांबायचं.
• वळणावर, चिखलात आणि कालव्याच्या कडेला घाई नाही.
• शंका आली की खाली उतरायचं. सायकलवरून उतरायला दोन सेकंद लागतात.