नावावरून भांडलो, नळी तशीच राहिली

आज एका लघवीच्या नमुन्याची गोष्ट.

जानेवारी २००८, स्वीडन. भारतीय वंशाचा एक रुग्ण नवी दिल्लीत उपचार घेऊन परतला होता. त्याच्या लघवीत क्लेब्सिएला न्यूमोनिये सापडला. हा जंतू रुग्णालयांतला जुनाच उपद्रवी. नवं होतं ते त्याचं हत्यार. बाकीची औषधं हरली की डॉक्टर कार्बापेनेम गटाकडे वळतात. एका एन्झाइमच्या जोरावर हा ती औषधंच मोडून टाकत होता. शिवाय त्या एन्झाइमचं जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या कड्यावर होतं. त्याच रुग्णाच्या विष्ठेतल्या ई. कोलायमध्येही ते मिळालं.

डिसेंबर २००९ मध्ये शोधनिबंध आला आणि बारसं झालं: न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टामेज, एनडीएम-१. ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकाने भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या नमुन्यांचा अभ्यास छापला, तेव्हा आपल्याकडे गदारोळ उठला. राजधानीची बदनामी, वैद्यकीय पर्यटनाविरुद्ध कट! खरं तर गावाचं नाव देण्याची रीत आधीपासूनची. व्हीआयएममधला ‘व्ही’ इटलीतल्या व्हेरोनाचा. तरी तो राग अगदीच अनाठायी होता असं मी म्हणणार नाही. ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनीही जानेवारी २०११ मध्ये नावाबद्दल माफी मागितली.

मला खटकतं ते वेगळंच. लॅन्सेटच्या पाच महिने आधी, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भारतीय नियतकालिकातच लिहिलं होतं: कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१. त्यावर असा गदारोळ काही झाला नाही.

आणि लघवीची नळी? तिच्याबद्दल तर कुणी भांडलंच नाही. मूत्राशयात घातलेल्या नळीवर जंतू चिकट थर करून बसतात आणि त्या थरात औषधाची मात्रा नीट चालत नाही. नळी राहील त्या प्रत्येक दिवशी लघवीत जंतू शिरण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्के. ‘काढा’ असं कुणी सांगितलं नाही, एवढ्याच कारणाने ती कित्येकदा राहून जाते.

जनुक मात्र वॉर्डात थांबलं नाही. एप्रिल २०११ मध्ये दिल्लीतल्या पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रस्त्याकडेला साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ मध्ये ते सापडलं. सरकारने तोही अहवाल धुडकावला.